ठाण्याचा तुरुंग आणि लंडनचा टॉवर

उन्हाळ्याची सुटी जवळ येऊ लागली की ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या गावांत परदेशच्या सहलींच्या जाहिरातींना बहर येतो. निघण्याच्या आधी एखाद्या सभागृहात मंडळींची बैठक भरते. लोकरीचे कपडे किती घ्यावे, चिवड्याचे पुडे कोणत्या बॅगेत टाकावे, पौंड कोठे बदलून मिळतील, गुडघेदुखीच्या गोळ्यांची चिठ्ठी जवळ असावी की नाही, या प्रश्नांचा तेथे कसून खल होतो. विलायतेस जाणे ही एके काळी संस्थानिकांची आणि बॅरिस्टर होऊ पाहणाऱ्या तरुणांची मिरास होती. आता निवृत्त शिक्षिका जाते, बँकेतला हेडक्लार्क जातो, मुलाने तिकीट काढून दिले म्हणून आईवडील जातात. भविष्य निर्वाह निधीतली मोठी रक्कम या पंधरा दिवसांत खर्ची पडते. त्याबद्दल नाक मुरडण्याचे काहीच कारण नाही. ज्याने तीस वर्षे गर्दीच्या लोकलमध्ये एका पायावर उभे राहून संसार केला, त्याने आयुष्यात एकदा थेम्स नदी पाहिली तर त्यात उधळपट्टी कसली?

प्रश्न निराळा आहे. एवढा पैसा मोजून, एवढा शीण सोसून ही मंडळी लंडनमध्ये जे पाहतात ते कोण ठरवते, आणि कशाच्या आधारे? युरोपच्या सहलीत लंडनच्या वाट्याला बहुधा दीड-दोन दिवस येतात. त्यांतला बराच वेळ बसमध्ये जातो. पार्लमेंटचे घड्याळ, राणीचा म्हणून ओळखला जाणारा राजवाडा आणि ट्रॅफल्गर चौक काचेतून दाखवले जातात. १८९४ साली खुल्या झालेल्या टॉवर ब्रिजला आपल्यापैकी निम्मे लोक 'लंडन ब्रिज' म्हणतात, आणि ती चूक दुरुस्त करण्याइतकी सवड कोणालाच नसते. मग मेणाच्या पुतळ्यांच्या संग्रहालयात दोन तास. तेथे आपल्याच चित्रपटातल्या नटांच्या पुतळ्यांच्या गळ्यात हात टाकून छायाचित्रे काढली जातात. हे नट जुहूला राहतात. ठाण्याहून जुहू फार लांब नाही.

या साऱ्या धावपळीत एक स्थळ मात्र खरोखर पाहिले जाते, आणि ते म्हणजे टॉवर ऑफ लंडन. विल्यम या नॉर्मन विजेत्याने अकराव्या शतकात तो बांधण्यास घेतला. पुढे तो राजवाडा झाला, शस्त्रागार झाला, टांकसाळ झाला, आणि सर्वांत जास्त गाजला तो तुरुंग म्हणून. आठव्या हेन्रीची राणी ॲन बोलीन हिचा शिरच्छेद १५३६ मध्ये याच आवारात झाला. योसेफ याकोब्स या जर्मन हेरास १५ ऑगस्ट १९४१ रोजी येथेच गोळ्या घालण्यात आल्या. दगड पाहावेत तर त्यांहून भव्य दगड आपल्याकडे देवगिरीस आहेत, जंजिऱ्यास आहेत. तरीही टॉवर पाहून आलेला माणूस त्याविषयी महिनाभर बोलतो आणि देवगिरी पाहून आलेला माणूस तेथल्या उन्हाविषयी बोलतो. असे का व्हावे?

उत्तर तेथील सांगणाऱ्यांत आहे. टॉवरमध्ये तीस-पस्तीस रखवालदार आहेत. लाल-निळ्या पोशाखातली ही माणसे चित्रांतून आपल्या परिचयाची झालेली आहेत. निदान बावीस वर्षे सैन्यात काढलेल्या माणसालाच ही नोकरी मिळते. ते बायकामुलांसह त्या तटबंदीच्या आतच राहतात. ज्या अंगणात राणीची मान उडवली गेली, त्या अंगणाच्या कडेला उभे राहून ते ती हकीकत सांगतात, विनोद करतात, मुलांना घाबरवतात आणि मध्येच आवाज उतरवून सन सांगतात. ऐकणाऱ्याला इंग्रजी अर्धेच कळले तरी काहीतरी येथे घडले होते हे पक्के कळते. ऐतिहासिक स्थळ 'पाहणे' ही वस्तुतः ऐकण्याची क्रिया आहे. डोळ्यांना दिसते ती भिंत. त्या भिंतीला अर्थ देतो तो सांगणारा.

दुसरी गोष्ट अशी की, हे सांगणे फार गुळमुळीत नसते. आपल्याच राजांनी आपल्याच राण्यांना, मंत्र्यांना आणि धर्मोपदेशकांना कसे मारले, हे ते लोक तिकीट लावून सांगतात. परक्यांच्या बाबतीत हा प्रांजळपणा त्यांना उशिरा सुचला. कोहिनूर ज्या दालनात आहे ते २०२३ च्या मे महिन्यात नव्याने मांडण्यात आले, तेव्हा प्रथमच त्या हिऱ्याचा निर्देश विजयाचे चिन्ह असा करण्यात आला आणि तो हातोहात कसा फिरला ते दाखवण्यात आले. लाहोरच्या दहा-अकरा वर्षांच्या दुलीपसिंहाकडून १८४९ साली तो घेण्यात आला, याला 'विजय' म्हणावे की आणखी काही, हे वाचकांनी ठरवावे. पण मौन सुटले, एवढे तरी झाले.

आता डोंबिवलीकराच्या लंडनकडे वळू. टॉवर पाहून तो परत बसमध्ये बसतो. त्याला कोणी सांगत नाही की, या शहरात त्याच्या स्वतःच्या इतिहासाची काही घरे, काही रस्ते आणि निदान एक पेटी आहे. साउथ केन्सिंग्टनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे २०२४ च्या जुलैमध्ये तीन वर्षांच्या मुदतीने साताऱ्यास आली, तेव्हा आपल्याकडे केवढा गाजावाजा झाला. ती साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्या घराण्याकडून तेथे गेली होती. ती शिवाजी महाराजांनी प्रत्यक्ष वापरलेलीच होत याचा निर्णायक पुरावा नाही, असे खुद्द त्या संग्रहालयानेच म्हटले आहे. सोबतच्या पेटीवरील मजकुरात अफजलखानाला मोगल सरदार म्हटले आहे. तो विजापूरचा, हे आपल्याकडे चौथीतला मुलगा सांगेल. वाद घालायचाच असेल तर येथून सुरुवात करता येण्यासारखी होती. पण पेटीवरचे वाचतो कोण?

त्याच संग्रहालयातून बाहेर पडून दहा मिनिटे चालले की इंपिरियल कॉलेजचे आवार लागते. तेथे एक उंच मनोरा एकटाच उभा आहे. पूर्वीच्या इंपिरियल इन्स्टिट्यूटची इमारत पाडली गेली, तेव्हा तेवढा शिल्लक राहिला. या इन्स्टिट्यूटच्या जहांगीर सभागृहात १ जुलै १९०९ च्या रात्री मदनलाल धिंग्रा या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने कर्झन वायलीवर गोळ्या झाडल्या. मध्ये पडलेले डॉ. लालकाका हे पारशी गृहस्थही त्यात मरण पावले. १७ ऑगस्टला पेंटनव्हिलच्या तुरुंगात धिंग्रा फाशी गेला. त्याचे अवशेष भारतात यायला १९७६ साल उजाडावे लागले.

उत्तरेकडे हायगेट भागात ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू हे घर आहे. श्यामजी कृष्णवर्म्यांनी १९०५ साली विद्यार्थ्यांसाठी काढलेले 'इंडिया हाऊस' ते हेच. सावरकर येथे राहत होते, अशी निळी पाटी त्यावर आहे, आणि ती लावणारी संस्था लंडनची नगरशासन-संस्था होती, आपली कोणी नव्हे. चिरोल खटल्याच्या निमित्ताने १९१८-१९ मध्ये लोकमान्य टिळक हाउली प्लेसमधल्या ज्या घरात राहिले, तेथेही पाटी आहे. आणि १०, किंग हेन्रीज रोड या घरात १९२१-२२ मध्ये राहून डॉ. आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावरील आपला प्रबंध सिद्धीस नेण्यासाठी अभ्यास केला. हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. शेजाऱ्यांच्या तक्रारी, तेथील पालिकेचा आक्षेप असे सोपस्कार पार पडून २०२० मध्ये स्मारक म्हणून त्याला परवानगी मिळाली. म्हणजे लंडनमध्ये मराठी करदात्याच्या पैशाने घेतलेली एक वास्तू आहे. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत तिचा उल्लेख किती ठिकाणी सापडतो, हे ज्याने त्याने आपल्या घरातले पत्रक काढून पाहावे. आंबेडकरी कुटुंबे मात्र आवर्जून वाट वाकडी करून तेथे जातात. कारण काय पाहायचे ते त्यांनी घरून निघतानाच ठरवलेले असते.

हायगेटच्या त्या घराचा एक धागा थेट ठाण्यापर्यंत येतो. बाबाराव सावरकरांना जून १९०९ मध्ये जन्मठेप झाली. त्याआधीच इंडिया हाऊसमधला स्वयंपाकी चतुर्भुज अमीन याच्या पेटीच्या दुहेरी तळात लपवलेली वीस ब्राऊनिंग पिस्तुले लंडनहून मुंबईस पोहोचली होती. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रयोगास आलेल्या जॅक्सन या कलेक्टरावर अनंत कान्हेरे याने गोळ्या झाडल्या, त्या अशाच एका पिस्तुलातून. कान्हेरे तेव्हा अठरा वर्षांचा होता. आज ज्या वयात मुलगा महाविद्यालयाचे ओळखपत्र घेऊन कल्याणहून पहिल्यांदा एकटा लोकलने जाऊ लागतो, त्या वयाचा. १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. त्याच्या महिनाभर आधी, १३ मार्चला, लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावर सावरकरांना अटक झाली होती, आणि अंदमानात धाडण्यापूर्वी काही काळ त्यांनाही ठाण्याच्याच तुरुंगात ठेवण्यात आले होते.

हा तुरुंग मुळात किल्ला आहे, हेसुद्धा ठाण्यात नव्याने राहायला आलेल्या अनेकांना ठाऊक नसते. पोर्तुगिजांनी तो बांधायला घेतला. तो पुरता बांधून होण्यापूर्वीच १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टीच्या मोहिमेत तो जिंकला. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी हल्ला करून तो घेतला आणि पुढे सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्या पदरात पडली. गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या १८१५ सालच्या पंढरपुरातील खुनाचा आळ असलेला दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे येथेच कैदेत होता. देशी शिपाई फितूर होतील म्हणून पहारा मुद्दाम गोऱ्यांचा ठेवला होता. खिडकीखालून घोडा फिरवणारा एक मराठी मोतद्दार गाणी म्हणत जाई, आणि त्या गाण्यांतूनच पळून जाण्याचा बेत आत कळवला गेला, असे बिशप हेबरने लिहून ठेवले आहे. पहारेकऱ्यांना मराठी येत नव्हते! १८१६ च्या सप्टेंबरात त्रिंबकजी निसटला. त्याला हवाली करा, या मागणीतून पुढल्या वर्षीचा पुण्याचा तह झाला, त्या तहाच्या अपमानातून खडकीची लढाई, आणि १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. एका मोतद्दाराच्या गाण्याने पेशवाई बुडाली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण टॉवरचा रखवालदार ही गोष्ट सांगायला मिळाली असती तर त्याने ती सोडली असती काय?

आपल्याला ती कोणी सांगत नाही. आजही हे मध्यवर्ती कारागृहच आहे. गावाच्या ऐन मध्यावर, कचेरी-कोर्टाच्या वर्दळीत ती जुनी भिंत उभी आहे, आणि मासुंदा तलावाच्या काठी संध्याकाळी फिरणारा नागरिक तिच्याकडे 'जेल' म्हणून पाहतो, पत्ता सांगताना खूण म्हणून तिचा उपयोग करतो. हाच नागरिक पदरचे पन्नास-साठ हजार खर्चून अंदमानला जातो. तेथले सेल्युलर जेल १९७९ मध्ये राष्ट्रीय स्मारक झाले. तिथला प्रकाश आणि ध्वनीचा कार्यक्रम पाहताना त्याचे डोळे भरून येतात. त्यात ढोंग काही नाही. मात्र ज्या कोठडीतून सावरकरांना तिकडे नेले ती ठाण्यात आहे, हे त्याला अंदमानातही कोणी सांगत नाही.

यावर ठरावीक उत्तर असे की, चालू तुरुंगात सहली कशा नेणार? सुरक्षिततेचे काय? या उत्तराला शासनानेच उत्तर दिलेले आहे. २६ जानेवारी २०२१ पासून येरवड्याच्या कारागृहात, जेथे १९३२ चा पुणे करार झाला, तेथे पर्यटकांना प्रवेश देण्याची योजना सुरू झाली. ठाणे, नाशिक, रत्नागिरी येथेही ती टप्प्याटप्प्याने नेण्यात येईल, असे तेव्हा जाहीर झाले होते. जाहीर झालेल्या गोष्टीची आठवण करून देणे, हे नागरिकाचे काम आहे. खुद्द टॉवरमध्ये राजमुगुट ठेवलेले आहेत, बंदूकधारी सैनिकांचा पहारा आहे, आणि तरीही त्याच दारातून शाळेची पोरे रोज आत जातात.

दुसरे उत्तर पैशाचे. टॉवरचे तिकीट तीस पौंडांहून अधिक आहे, म्हणजे आपले तीन हजारांवर रुपये. आपण ते कुरकुर न करता देतो. टॉवर सांभाळणारी संस्था सरकारी अनुदान घेत नाही. तिकिटांवर, देणग्यांवर आणि दुकानातल्या विक्रीवर ती चालते. ठाण्यात तीन हजार कोणी मागणार नाही, मागूही नये. पन्नास रुपये मागितले आणि त्यात दोन जाणकार माणसांचा पगार निघाला तरी पुरे. पैसा लागतो तो कमानी उभारायला, कारंजी उडवायला, रंगीत दिवे लावायला. या तिन्ही गोष्टींवर आपल्या नगरपालिका आणि महापालिका सढळ हाताने खर्च करतात. सांगणाऱ्या माणसावर करत नाहीत. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ चे, म्हणजे १०६० सालचे. शिलाहार राजा मम्मुणीचा लेख तेथे मिळाला. महाशिवरात्रीला तेथे मुंगी शिरायला जागा नसते. पण बाहेरच्या भिंतीवर कोणती मूर्ती कोणाची, हे एखाद्या मुलाने विचारले तर त्याने कोणाकडे जावे?

आणि सांगणारा नेमला, तर त्याने काय सांगावे, हा सर्वांत अवघड भाग आहे. टॉवरच्या उदाहरणातून घेण्यासारखे काही असेल तर ते येथे आहे. ठाण्याच्या भिंतीपाशी उभे राहून कान्हेऱ्यांचे धैर्य सांगावे, आणि त्याच दमात हेही सांगावे की, जॅक्सन संस्कृतचा जाणकार होता, लोक त्याला 'पंडित जॅक्सन' म्हणत, गॅझेटियरच्या इतिहासाच्या खंडात त्याचे लेखन आहे. लालकाकांचे नाव गाळू नये. त्रिंबकजीची सुटका रंगवून सांगताना गंगाधरशास्त्र्यांचा खून विसरू नये. अशा सांगण्याने हुतात्म्यांची थोरवी उणावते, असे ज्यांना वाटते त्यांचा आपल्या हुतात्म्यांवर पुरेसा विश्वास नाही, असेच म्हणावे लागेल. विद्यार्थ्यांना गुळगुळीत गोष्ट नको असते. वर्गात ज्यांनी इतिहास शिकवला आहे त्या शिक्षकांना हे चांगले ठाऊक आहे. मुले जागी होतात ती 'पण सर, मग तो चूक की बरोबर?' या प्रश्नापाशी.

शिक्षकांचा विषय निघालाच आहे म्हणून शाळांच्या सहलींबद्दल एक शब्द. सहल म्हणजे पाण्याच्या घसरगुंड्यांचे उद्यान, हे समीकरण आता बालवाडीपासून पक्के झाले आहे. पालकांनाही ते सोयीचे वाटते. कल्याणच्या मुलाला आपले गाव पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्द्याच्या 'पेरिप्लस' या वृत्तान्तात आले आहे, कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांच्या दानाचे शिलालेख आहेत, दुर्गाडीच्या पायथ्याच्या खाडीत शिवाजी महाराजांच्या आरमाराची जहाजे बांधली गेली, हे माहीत नसते. ठाण्याच्या मुलाला १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेल्या त्या पहिल्या आगगाडीची गोष्ट तेवढी ठाऊक असते, तीही प्रश्नमंजूषेपुरती. चौदा डबे, चारशे पाहुणे, एकवीस मैल! वर्षभराने, १८५४ च्या मे महिन्यात, ती गाडी खाडी ओलांडून कल्याणला गेली. त्या मार्गावरून रोज जाणारी लक्षावधी माणसे खिडकीतून खाडी पाहतात, आणि तीही जागा मिळाली तर.

लंडनला जाऊ नका, असे सांगण्याचा हा खटाटोप नाही. जावे, अवश्य जावे. पण जाण्यापूर्वी सहल चालवणाऱ्याशी थोडे भांडावे. चाळीस जणांच्या तुकडीतील दहा जणांनी लेखी मागितले, तर मेणाच्या पुतळ्यांचे दोन तास किंग हेन्रीज रोडला देणे त्याला अवघड नाही. तिथला खर्च बसच्या इंधनाहून अधिक येणार नाही. क्रॉमवेल ॲव्हेन्यूचे घर बाहेरूनच पाहावे लागते, कारण ते खाजगी आहे, पण रस्ता सार्वजनिक आहे आणि पाटी रस्त्यावरून वाचता येते. इकडे ठाण्यात कारागृह खात्याला आणि जिल्हाधिकाऱ्यांना २०२१ च्या घोषणेची आठवण करून देणारे पत्र कोणत्याही शाळेला, ग्रंथालयाला, ज्येष्ठ नागरिक संघाला लिहिता येईल. निवृत्त शिक्षकांची येथे वाण नाही, आणि त्यांच्यापैकी कित्येकांना टॉवरचा रखवालदार पाठ आहे. आठवड्यातून एक सकाळ, पंचवीस मुलांची एक तुकडी, नोंदवहीत नावे आणि दाराशी झडती, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. पहिली तुकडी १९ एप्रिलला आत जावी. शाळांच्या परीक्षा तोवर बहुतेक आटोपलेल्या असतात.